जुळ्यांचा वारसा हेळव्याच्या वहीत सापडत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुळ्यांवरच्या लेखात 'जुळी होणे आनुवंशिक असते आणि ते एक पिढी सोडून येते' असे वाक्य होते. सातारा-सांगली भागात हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्याचा पहिला भाग निम्मा खरा आहे आणि दुसरा जवळजवळ पूर्ण चुकीचा. आम्हा दोघांपैकी एकाचा संबंध बायकांच्या बाळंतपणाशी आणि दुसऱ्याचा मेंढ्या-गाईंच्या वेताशी येतो. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जुळी दोन तऱ्हेची असतात आणि त्यांची कारणे एकमेकांपासून पार वेगळी आहेत. एका तऱ्हेत एकच स्त्रीबीज फळते आणि पुढच्या काही दिवसांत त्या गर्भाचे दोन भाग होतात. ही एकबीज जुळी. 'एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे' अशी दिसतात ती हीच. दुसऱ्या तऱ्हेत त्या महिन्यात दोन बीजे सुटतात आणि दोन्ही वेगवेगळ्या शुक्रजंतूंनी फळतात. ही द्विबीज जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडे. त्यांच्यात थोरल्या-धाकट्या भावंडांइतकेच साम्य असते, जास्त नाही. (जुळ्यांना राम-लक्ष्मण म्हणायची आपल्याकडे रीत आहे, रामायणात जुळे आहेत ते लक्ष्मण आणि शत्रुघ्न.)

एकबीज जुळ्यांचे प्रमाण जगात कुठेही गेलात तरी हजार बाळंतपणांत साधारण ४. देश, आहार, उंची, आईचे वय यांपैकी कशानेही ते फारसे हलत नाही. काही अगदी विरळ घराणी सोडली तर ते रक्तातूनही येत नाही. गर्भ का दुभंगतो, याचे उत्तर विज्ञानाला मिळालेले नाही. २०२१ मध्ये एकबीज जुळ्यांच्या पेशींतील डीएनएवर काही ठरावीक रासायनिक खुणा सापडल्या, पण त्या कारण आहेत की दुभंगण्याचा मागे राहिलेला ठसा, हे ठरलेले नाही. तेव्हा एखाद्या घरात हुबेहूब दिसणाऱ्या मुलांची जोडी असेल, तर त्यावरून त्या घरातल्या पुढच्या सुनेबद्दल किंवा लेकीबद्दल काहीच अंदाज करता येत नाही.

वारसा आहे तो द्विबीज जुळ्यांत. तोही जुळ्यांचा नव्हे. आईच्या अंडाशयातून एका वेळी दोन बीजे सुटण्याच्या कलाचा. दर महिन्याला अंडाशयात बीजांच्या अनेक पिशव्या वाढू लागतात. त्यांना वाढवणारे एफएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येते. एक पिशवी पुढे गेली की एफएसएच उतरते आणि बाकीच्या सुकतात. ते उतरायला थोडा उशीर झाला, किंवा अंडाशय त्याला जास्त जुमानत असेल, तर दोन पिशव्या तग धरतात आणि दोन्ही फुटतात. पस्तिशीनंतर एफएसएच चढे राहते, म्हणून ३५ ते ३९ या वयात द्विबीज जुळ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. उंच, वजनदार आणि आधी काही बाळंतपणे झालेल्या बायकांतही ते वाढते. नायजेरियातील योरुबा समाजात जगातले सर्वाधिक प्रमाण नोंदले गेले आहे. जपानमध्ये ते फार कमी. भारतही कमी प्रमाणाच्या गटातच येतो.

२०१६ मध्ये नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील द्विबीज जुळ्यांच्या सुमारे २ हजार मातांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डीएनएवरच्या दोन जागा पक्क्या सापडल्या. एक एफएसएच तयार करणाऱ्या जनुकाजवळची, दुसरी अंडाशयाच्या प्रतिसादाशी संबंधित एसएमएडी-३ या जनुकातली. पहिल्या जागचा बदल असेल तर द्विबीज जुळ्यांची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, दुसऱ्याने सुमारे ९ टक्क्यांनी. हे टक्के वाचून दचकायला नको. मुळात हजारात ६ असतील, तर १८ टक्के वाढ म्हणजे हजारात ७. माणसात 'जुळ्यांचे जनुक' म्हणून एखादे बोट दाखवता येईल असे नाही. थोडा थोडा धक्का देणारी बरीच जनुके आहेत.

आता 'एक पिढी सोडून'. बाईची आई किंवा सख्खी बहीण द्विबीज जुळ्यांची माता असेल, तर तिची स्वतःची शक्यता साधारण दुप्पट होते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळींवरून १९६४ मध्ये एक हिशेब मांडला गेला होता. स्वतः द्विबीज जुळ्यांपैकी असलेल्या बायकांना ५८ बाळंतपणांत एकदा जुळी झाली. स्वतः द्विबीज जुळ्यांपैकी असलेल्या पुरुषांच्या बायकांना ११६ मध्ये एकदा. दुसरा आकडा सर्वसाधारण प्रमाणाच्या आसपासचाच आहे, कारण नवऱ्याच्या रक्तातल्या जनुकाने बायकोचे बीज सुटत नाही.

पहिला आकडा मात्र नीट पाहावा. ५८ मध्ये एकदा म्हणजे ५७ वेळा एकच मूल. प्रत्येकी दोन बाळंतपणे झालेल्या अशा शंभर बायका घेतल्या, तर फार तर तीन-चार जणींच्या घरी जुळ्यांचा पाळणा हलेल. त्यांच्या आज्या-पणज्यांची सात-आठ बाळंतपणे होत, तीही चाळिशीपर्यंत. त्याच कलाच्या शंभर पणज्यांत बारा-तेरा जणींना जुळी झाली असती. म्हणजे पणजीला जुळी, आजीला नाहीत, आईला नाहीत, आणि लेकीला झाली तर 'दोन पिढ्या सोडून आली', झाली नाहीत तर विषय निघत नाही. पिढी कुणी सोडत नाही. बाळंतपणे कमी झाली, एवढेच. पुरुषाकडून कल लेकीकडे जातो आणि त्याच्या स्वतःच्या पिढीत दिसत नाही, हे एक खरे कारण आहे. पण आकड्यांच्या मानाने ते दुय्यम.

आपल्या भागात याला एक खास अडचण आहे. घराण्याची नोंद ठेवणारा हेळवी आला की आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची माळ वाचतो. देवघरात जपलेल्या वंशावळीतही मुलींची नावे क्वचितच, आणि सुनांची माहेरे जवळपास नाहीतच. ज्या रेषेवर हा वारसा उमटतो, ती आई, आईची आई, मावशी यांची रेषा अशी कागदावर येतच नाही. उलट एका आडनावाखालची सगळी जुळी एका ओळीत दिसतात आणि 'आमच्या घराण्यात आहेच' असा निष्कर्ष निघतो. त्या जुळ्यांच्या आया मात्र चार वेगळ्या गावांहून आलेल्या असतात.

याला एक अपवाद आहे आणि तो इथलाच आहे. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर सासू ही सुनेची आत्या असते. 'सासूला जुळी झाली, सुनेलाही झाली' यात मग रक्ताचा संबंध खरोखर असू शकतो, कारण दोघींचे माहेर एकच. अशा घरात सासरची माहिती विचारणे योग्यच. इतरत्र सासरची जुळी मोजून उपयोग नाही. जुळी झाली म्हणून सुनेचे कौतुक किंवा 'आमच्याकडे असं नव्हतं' म्हणून तिला बोल लावणे, दोन्ही निरर्थक.

हा सगळा प्रकार मेंढ्यांत फार स्वच्छ दिसतो, आणि त्यासाठी लांब जायला नको. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या पट्ट्यातली दख्खनी मेंढी बहुतेक वेतांत एकच कोकरू देते. भटकंती, कमी चारा आणि एका कोकरापुरते दूध हे पाहता धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच जपले, यात नवल नाही. सुंदरबनातली गरोळ मेंढी मात्र आकाराने लहान, पण जुळी-तिळी देणारी. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही हाच गुण आहे, आणि तो अठराव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांमुळे तिथे पोचला असे मानले जाते. २००१ मध्ये त्याचे मूळ सापडले: बीएमपीआर-१बी या जनुकात एका अक्षराचा फरक. त्याला फेक-बी म्हणतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळमधला हा जनुक लोणंदकडच्या दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली.

यातले बारकावे माणसालाही लागू पडतात. फेक-बीची एक प्रत असलेल्या मेंढीला निम्म्याच्या आसपास वेतांत जुळी होतात. दोन प्रती असतील तर तिळ्यांचे प्रमाण वाढते. ती कोकरे हलकी जन्मतात, दूध पुरत नाही आणि मरतूक वाढते. म्हणून मेंढपाळाला हवी ती एका प्रतीची मेंढी. त्यासाठी दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडतात. सगळ्या कोकरांना एकेक प्रत मिळते. पण त्या मेंढ्याने भरलेल्या मेंढ्या जुळी देत नाहीत. गुण दिसतो तो त्याच्या मुली व्यायल्यावर, म्हणजे दोनेक वर्षांनी. इथेच बरेच जण फसतात. जास्त पैसे देऊन मेंढा आणतात, त्या वर्षी एकेकच कोकरू होते आणि वैतागून मेंढा विकून टाकतात.

दुसरी चूक म्हणजे 'जुळ्यातला मेंढा' एवढ्याच खुणेवर विकत घेणे. मेंढे सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना खुराक वाढवला तरी काहींना जास्त बीजे सुटतात आणि जुळी होतात. तो खाण्याचा परिणाम. कोकरांत उतरेलच असे नाही. फेक-बीसारखा मोठा जनुक नसलेल्या कळपात एका वेतातल्या कोकरांच्या संख्येत आनुवंशिकतेचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सगळे वय, अंगावरचे मांस आणि चारा. फेक-बी आहे की नाही हे रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणीत कळते. गुणाची हमी म्हणून मेंढा घ्यायचा तर तो अहवाल मागावा. एसएमएडी-३ आणि फेक-बी हे अंडाशयातल्या एकाच संदेशव्यवस्थेच्या घराण्यातले. फरक इतकाच की मेंढीत एका अक्षराने काम होते आणि माणसात तसा मोठा धक्का सहसा सापडत नाही.

गाईचा दाखला मात्र माणसाला लावू नये. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरात नव्वदहून अधिक वेळा वांझ निघते. दोन्ही वासरांच्या वारेतल्या (प्लासेंटातल्या) रक्तवाहिन्या जुळतात आणि खोंडाची संप्रेरके कालवडीच्या गर्भाशयाची वाढ खुंटवतात. अशा कालवडीचा योनिमार्ग जन्मतःच आखूड असतो, नेहमीच्या १२ ते १५ सेंमीऐवजी ५ ते ८. दोन वर्षे वैरण घालून 'माजावर येत नाही' म्हणण्यापेक्षा पशुवैद्यकाकडून पहिल्याच महिन्यात तपासून घेणे स्वस्त पडते. पण या अनुभवावरून भावाबरोबर जन्मलेल्या मुलीच्या लग्नात शंका काढणारे लोक आहेत. माणसात मुलगा-मुलगी जुळ्यांच्या वारांत असे रक्त सहसा मिसळत नाही. ती मुलगी इतर कुठल्याही मुलीसारखीच आई होऊ शकते.

जुळी कोणत्या तऱ्हेची, हे ओळखण्यात सर्वांत जास्त घोळ होतो आणि मग आनुवंशिकतेचा सगळा हिशेबच चुकतो. 'दोन वारा होत्या, म्हणजे वेगवेगळी' हे खरे नाही. फलनानंतर पहिल्या तीन दिवसांत गर्भ दुभंगला तर एकबीज जुळ्यांनाही दोन वारा असतात. अशी एकबीज जुळी साधारण एक तृतीयांश. चौथ्या ते आठव्या दिवशी दुभंगला तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन. त्यानंतर दुभंगला तर वारही एक, पिशवीही एक. हे शंभर एकबीज जोड्यांत एखाद-दोन. तेराव्या दिवसानंतर दुभंगणे अर्धवट राहून अंगे जोडलेली राहू शकतात. उलट बाजूने, द्विबीज जुळ्यांच्या दोन वारा शेजारी रुजून एकमेकींना चिकटतात आणि बाळंतपणानंतर ट्रेमध्ये एकच दिसते. म्हणून वार टाकण्याआधी दोन पिशव्यांमधला पडदा पाहावा. तो अगदी पातळ, पारदर्शक आणि दोनच पदरांचा असेल तर वार एकच होती आणि जुळी एकबीज. जाड, धुरकट असेल तर दोन्ही शक्यता उरतात. रक्तगट वेगळे निघाले तर जुळी द्विबीज. सारखे निघाले तर त्यावरून काही ठरत नाही. मुलगा आणि मुलगी असतील तर प्रश्नच मिटला. पण ही खूण बाळंतपणानंतरच वापरायची. गर्भाचे लिंग सांगणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, जुळ्यांचेही. सारख्या लिंगाच्या, दोन वारांच्या जोडीचा पक्का निकाल डीएनए तपासणीच देते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर मुले दोन-तीन वर्षांची असताना परके लोक त्यांची अदलाबदल करत होते का, हे आठवून पाहावे. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघते.

गावातली जुळी मोजायची हौस असलेल्या शिक्षकांसाठी एक सोपी युक्ती. मुलगा-मुलगी अशा जोड्या मोजा आणि दुप्पट करा. तेवढी द्विबीज, उरलेली एकबीज, कारण द्विबीज जोड्यांत साधारण निम्म्या मुलगा-मुलगी असतात. जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०१ मध्ये ही रीत मांडली. समजा २० जोड्यांत ६ मुलगा-मुलगी निघाल्या, तर अंदाजे १२ द्विबीज आणि ८ एकबीज. आणि ६०० मुलांच्या शाळेत जुळ्यांच्या चार-पाच जोड्या असणे हे नुसत्या सरासरीने होते. त्याला गावच्या पाण्याचा गुण म्हणू नये. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोडिन्ही गावासारखी ठिकाणे खरोखर वेगळी आहेत, पण तिथेही कारणावर अजून एकमत नाही.

जुळे केळे खाल्ले की जुळी होतात, या समजाबद्दल एकच ओळ: दोन चिकटलेली केळी खाल्ल्याने पोट भरते. फॉलिक ॲसिडच्या गोळीने जुळी होतात म्हणून ती बंद करणाऱ्या बायका मात्र चिंतेचा विषय आहेत. चीनमधील २ लाख ४० हजारांहून अधिक बायकांच्या नोंदींवरून २००३ मध्ये असा कोणताही संबंध दिसला नाही. ती गोळी बाळाच्या मज्जारज्जूसाठी असते, चालू ठेवावी.

आजच्या जुळ्यांत वारशापेक्षा औषधांचा वाटा मोठा होत चालला आहे. १९८० ते ८५ या काळात जगात हजार बाळंतपणांत ९.१ जुळी होत, २०१० ते १५ मध्ये १२. यामागे उशिराची लग्ने आणि वंध्यत्वावरचे उपचार आहेत. बीज फुटण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनने राहिलेल्या गरोदरपणांत शंभरात सात-आठ जुळी असतात. इंजेक्शनांनी त्याहून जास्त. 'दोघं एकदमच होऊ द्या' म्हणून दुकानातून ही गोळी आणणे धोक्याचे आहे. किती बीजे फुटणार हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही आणि तिळी झाली तर परत फिरता येत नाही. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात आणि बरीच अडीच किलोच्या खाली भरतात. आपल्या आईला जुळी औषधानंतर झाली असतील तर तो वारसा धरू नये. लेकीने माहेरचा इतिहास सांगताना हेही सांगावे.

पहिल्या तपासणीला काय सांगायचे ते एवढेच: आई, मावशी, आजी किंवा सख्खी बहीण यांना जुळी झाली होती का, ती मुलगा-मुलगी होती का, त्या वेळी आईचे वय किती होते, औषधे चालू होती का. पोटात एकच अर्भक उरलेल्या, पण सुरुवातीच्या सोनोग्राफीत दोन दिसलेल्या गरोदरपणाचीही नोंद करावी. असे बरेचदा होते आणि ते मोजणीतून निसटते.

जुळी आहेत हे कळल्यावर मात्र वारशाचा विषय मागे ठेवून एकच प्रश्न विचारावा: वार एक की दोन? याचे उत्तर ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत चांगले मिळते. पडदा वारेला मिळतो तिथे त्रिकोणी उंचवटा दिसला तर वारा दोन. पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ येऊन टेकला तर वार एक. पुढे हा फरक पुसट होतो. एकाच वारेवरच्या जुळ्यांत शंभरात दहा ते पंधरा वेळा एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळते. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. दोन वारा असतील तर दर चार आठवड्यांनी पुरते. पोट अचानक झपाट्याने वाढले, ताणले गेले किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ज्या अहवालात नुसते 'ट्विन प्रेग्नन्सी' लिहिलेले असते आणि वारांची संख्या नसते, तो अर्धाच अहवाल आहे. १४ आठवडे उलटायच्या आत परत जाऊन ती ओळ लिहून घ्यावी.

आपले,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ व एक पशुवैद्यक
सातारा